जिभेखालची गोळी आणि उशाखालची गोळी

आमच्या गावाकडच्या घरात मेंढ्याच्या पुरुषार्थाची चर्चा सकाळच्या चहाबरोबर होते. कळपात सोडलेला नर कामाला लागला नाही, की माझा थोरला भाऊ आप्पा ओट्यावर बसून सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकतो, "ह्यो न्हाय उपयोगाचा. बाजार दाखवा ह्याला." वहिनी मान डोलावते, लेकरं ऐकतात, शेजारी सल्ले देतात. कुणाला काही वाटत नाही. मी त्याच घरात वाढलो, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा वर्ष-दीड वर्ष तोंडातून शब्द काढला नाही.

मी सोपान. पन्नाशी मागे पडली. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारा. गाव मंगळवेढा तालुक्यात. तिथं आप्पा मेंढरं आणि ज्वारी सांभाळतो. मला साखरेचा आजार बरीच वर्षं आहे. त्यातून जे पुढं झालं ते इथं लिहितोय, कारण ज्याला हे झालंय तो कुणाला विचारत नाही, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. यात जी औषधाची गोष्ट आहे ती माझ्या डॉक्टरांनी मला सांगितलेली. तुमची तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण विचारा.

माझं "नाही" आणि तिचं "हाय"

साखरेच्या डॉक्टर बाई आहेत, वयानं माझ्यापेक्षा लहान आणि बोलायला रोखठोक. त्या दिवशी माझी बायको मंगल सोबत होती. बाईंनी पाय तपासले, डोळ्यांचं विचारलं आणि त्याच सुरात, लिहिता लिहिता म्हणाल्या, "नवरा-बायकोच्या संबंधात काही अडचण?"

मी म्हणालो, "नाही."

मंगल म्हणाली, "हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोणाचं खरं धरू?"

"माझं धरा मॅडम," मंगल म्हणाली. "ह्यांना वाटतंय मला काय कळत न्हाय. भिंतीकडं तोंड करून झोपत्यात आणि सकाळी माझ्यावरच खेकसत्यात. माझंच काय चुकलं, मीच नकोशी झाले काय, असं मनात घिऊन मी भाकऱ्या थापते रोज."

तोवर मला वाटत होतं की लपवून मी तिला वाचवतोय. ती एवढे दिवस स्वतःला दोष देत होती हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला तिथंच रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

डॉक्टर बाईंनी मला पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "सोपानराव, ही मर्दपणाची परीक्षा नाही, आजार आहे. साखरेनं नसाही बिघडतात आणि रक्तवाहिन्याही. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक असतात, म्हणून कधी कधी हृदयाचं दुखणं आधी तिथं कळतं. त्यामुळे गोळी नंतर. आधी हृदय तपासू."

खरं सांगायचं तर गोळी मला त्याच्या आधीच मिळाली असती. कारखान्याबाहेरच्या टपरीवर अशा गोळ्या सुट्ट्या फिरतात. एकानं माझ्या खिशात घालायचाही प्रयत्न केला होता. मी घेतली नाही, ते काही शहाणपण म्हणून नव्हे. देणारा गडी बडबड्या होता, एवढंच.

ईसीजी झाला, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली, धावत्या पट्ट्यावर चालवून बघितलं. तेव्हा काही सापडलं नाही. तंबाखू सोडायला लावली. ती सोडताना मी घरात आणि कारखान्यात इतका चिडचिडा झालो, की मागवाले माझ्या सावलीलाही उभे राहायचे नाहीत. पण सोडली.

कुणासमोरही

मग गोळी लिहून दिली. अगदी कमी ताकदीची. आणि शाळेत पाढे घेतात तसे नियम माझ्याकडून म्हणवून घेतले, मंगलला साक्षीला बसवून.

"छातीत दुखलं की लोक जिभेखाली गोळी ठेवतात, माहीत आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

माहीत होतंच. आप्पाला हृदयाचा त्रास झाल्यापासून त्याच्या सदऱ्याच्या खिशात ती कायम असते.

"ती आणि ही, दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्ही एकत्र पोटात गेल्या की ब्लडप्रेशर असं कोसळतं, की माणूस पुन्हा उठेल याची खात्री नाही. म्हणून ही गोळी घेतल्यावर छातीत दुखलं, तर जिभेखालची घ्यायची नाही. दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही. थेट दवाखाना, आणि तिथं पहिलं वाक्य हेच, की मी ही गोळी घेतलेली आहे. कोणती आणि कधी. कुणासमोरही सांगायचं."

ते शेवटचं त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हटलं. मी मान हलवली. मान हलवायला काय जातंय.

बाकीचंही होतं. दिवसात एकच. ताकद आपल्या मनानं वाढवायची नाही. दारूबरोबर नाही. गुण आला म्हणून मित्राला द्यायची नाही. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरनं ब्लडप्रेशरची किंवा लघवीच्या त्रासाची नवी गोळी दिली तर त्याला आधी हे सांगायचं. अचानक दिसायला-ऐकायला कमी आलं, तर उशीर न करता दवाखान्यात यायचं. आणि ताठरपणा चार तास उतरला नाही, तरी लाजून घरी बसायचं नाही, लगेच यायचं.

"चार तास?" मंगल म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. डॉक्टरही हसल्या. मग मीही हसलो. त्या दुखण्यात हसलेलो ते पहिल्यांदा.

घरी आल्यावर मी गोळ्यांची पट्टी उशाखाली घातली. सकाळी ती तिथं नव्हती. मंगलनं ती फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात, साखरेच्या गोळ्यांशेजारी ठेवली होती. मी ओरडलो, पोरगी सुट्टीला आली तर बघेल म्हणून. मंगल म्हणाली, "आजार हाय न्हवं? मग आजाराच्या गोळ्यांत ऱ्हाऊ दे की. आनि मला ठाव पायजे, किती हाइत आनि कवा घेतली."

पहिल्या वेळी गोळीनं काहीच केलं नाही. मी त्याआधी जेवणात मटणावर ताव मारला होता आणि घड्याळाकडे बघत बसलो होतो. डॉक्टर म्हणाल्या, तेलकट पोटभर जेवलं की तिला उशीर होतो, आणि ती काही बटण नाही. मन नसेल तर तीही काही करत नाही. मन म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. मंगल आणि मी पुन्हा बोलायला लागलो. पडल्या पडल्या कुठल्याही विषयावर, दोघं हसत. बाकीचं त्यातून आलं. ते आमच्या दोघांचं, ते लिहीत नाही.

कातरणी

मेंढरांची कातरणी म्हणजे आमच्याकडे घरचं कार्यच असतं. भावकी येते, शेजारचे येतात, एकमेकांच्या मेंढ्यांची लोकर कातरून देतात. मीही दरवर्षी जातो. मागाचा माणूस असलो तरी कातर अजून हातात बसते. त्या वर्षी मंगलला घेऊन पहाटे निघालो. आदल्या रात्री मी गोळी घेतलेली होती.

ऊन चढलं. मी एका मेंढीचे पाय बांधून तिच्यावर वाकलेलो, आणि छातीवर कुणीतरी गुडघा रोवावा तसं झालं. डावा हात जड झाला. घाम असा सुटला की कातर हातातून निसटली. मी मागं भिंतीला टेकलो.

आप्पा पलीकडे मेंढरांना जंताचं औषध पाजत होता. त्यानं माझा चेहरा बघितला आणि त्याला काय ते कळलं, कारण त्यातून तो स्वतः गेलेला. "अगं ए शालन, पानी आन!" तो वहिनीवर ओरडला आणि धावत आला. खिशातून त्याची गोळी काढली. "सोपाना, आ कर. जिभंखाली धर. मला ह्येनंच वाचीवलंय."

मी तोंड मिटून घेतलं.

"आरं आ कर की!"

मी मान हलवत राहिलो. बोलायचं होतं, पण समोर कोण कोण होतं! वहिनी, पुतणे, भावकीतली माणसं, चुलीजवळच्या बायका, कुणाकुणाच्या सुना. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. डॉक्टरांचं "कुणासमोरही" मला आठवत होतं, आणि जीभ हलत नव्हती. मी आप्पाला हातानं दूर ढकललं. त्याला वाटलं, दुखण्यानं मला भान राहिलं नाही.

मग त्यानं जे केलं ते त्याच्यासारख्या माणसानंच करावं. मेंढी औषध घेईना, की तिची मान काखेत धरतात, जबड्याच्या कोपऱ्यात जिथं दात नसतात तिथून अंगठा आत घालतात. तोंड आपोआप उघडतं. आप्पानं आयुष्यभर हजारो मेंढरांना असं औषध पाजलंय. त्यानं माझी मान काखेत धरली, अंगठा घातला आणि गोळी जिभेखाली सारली. प्रेमानं केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, मी ते जवळून बघितलं.

मी त्याच्या अंगठ्याला कडकडून चावलो. तो ओरडून मागं झाला आणि मी गोळी थुंकून टाकली, त्यावर जेवढी थुंकी तोंडात होती तेवढी सगळी थुंकलो.

"आप्पा, मी काल रात्री दुसरी गोळी घेतलीय," मी म्हणालो. माझा आवाज फाटत होता, पण मोठा होता. "पुरुषांना ताकदीची देत्यात, ती. डॉक्टरनं लिहून दिलीय. तिच्यावर ही घातली तर मी मरतो. मला दवाखान्यात न्या."

अंगणात फक्त मेंढरांचा आवाज राहिला. एका पुतण्यानं मान खाली घातली. कुणीतरी बाई "अगं बया" म्हणाली. मला त्या क्षणी वाटलं की छातीतल्या दुखण्यानं गेलो असतो तर बरं झालं असतं. तेवढ्यात मंगल चुलीजवळून उठून आली. थोरल्या दिरासमोर ती कधी डोक्यावरचा पदर सरकू देत नाही. आज पदर खांद्यावर होता आणि तिला त्याचं काही नव्हतं.

"बघत काय ऱ्हायलाय? गाडी काढा!" ती पुतण्यावर ओरडली. "ह्येनी सांगितलं म्हून जगले. न्हायतर आता हितंच आडवं झालं असतं."

पहिलं वाक्य

तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येत होती. थोडी का होईना, आप्पाची गोळी तोंडात विरघळली असावी. मला स्ट्रेचरवर घेतलं. तरण्या डॉक्टरनं विचारलं, "काय होतंय काका?"

मी छातीचं आधी सांगितलं नाही. पहिलं वाक्य बाईंनी पढवलेलं तेच म्हटलं, कोणती गोळी आणि कधी घेतली. मग म्हणालो, "आणि भावानं जिभेखालची गोळी घातली होती, मी ती थुंकली." मंगलनं पर्समधून पट्टी काढून त्याच्या हातात दिली. बाहेर पडताना ती डब्यातली पट्टी बरोबर घेते, हे मला तिथं कळलं.

डॉक्टर हसला नाही. त्यानं नर्सला हाक मारून काय काय द्यायचं नाही ते मोठ्यानं सांगितलं, पाय उंच केले, सलाईन लावलं, ईसीजी काढला. मग मला म्हणाला, "काका, हे सांगितलंत ते फार चांगलं केलंत. निम्मे लोक सांगत नाहीत, आणि आम्हाला अंधारात औषध द्यावं लागतं."

त्या पोरगेल्या डॉक्टरनं एवढंच म्हटलं, पण मला कुणीतरी पाठीवर हात ठेवावा तसं वाटलं. अंगणातली सगळी लाज त्या एका वाक्यानं निम्मी झाली.

तिथून सोलापूरला आणलं. एक रक्तवाहिनी बरीच बंद होती, स्टेंट घातला. मी विचारलं, गोळीनं झालं का हे? हृदयाचे डॉक्टर म्हणाले, नाही, अडथळा आधीपासून असणार. पट्ट्यावरच्या तपासणीत कधी कधी तो निसटतो. तुमच्या शरीरानं खालून सूचना दिली होती, ती या मोठ्या दुखण्याची होती. ज्या गोष्टीची मी एवढी लाज धरली, ती मला सावध करत होती.

दवाखान्यात माणूस माणूस राहत नाही, खाट होतो. पाचव्या खाटेला इंजेक्शन, पाचव्या खाटेची लघवी मोजा. राउंडला येणारा प्रत्येक नवा डॉक्टर कागद वाचायचा आणि त्या गोळीपाशी थांबायचा. पहिल्यांदा मी चादरीत तोंड घालायचो. नंतर ठरवलं, त्यानं विचारायच्या आधी आपणच सांगायचं. सांगायला लागलो. शेजारच्या खाटेवर मंद्रूपचे एक पाटील होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "ते कागदावर लिहून देणारे डॉक्टर कुठं बसतात म्हणे?" मी त्यांना पत्ता दिला.

आप्पा

आप्पा रोज दवाखान्यात यायचा, अंगठ्याला पट्टी बांधून. खाटेशेजारी बसायचा आणि खिडकीतून बाहेर बघायचा. डिस्चार्जच्या दिवशी त्याचा बांध फुटला.

"मला बाजूला घिऊन सांगायचं हुतंस," तो म्हणाला. "समद्या भावकीत बोललास. लोकं पोरास्नी इचारत्यात, तुज्या चुलत्याला काय झालंय म्हून. मी काय तोंड दावू?"

"बाजूला कसा घेऊ? तुझा अंगठा माझ्या तोंडात होता."

तो उठून गेला. मग फोन बंद. मी केला की वहिनी उचलायची आणि म्हणायची, "रानात गेल्यात, भावजी." दिवाळीला गेलो तर तो मेंढरं घेऊन दूरच्या रानात मुक्कामाला गेलेला. छातीचं दुखणं मी सोसलं, त्याचं मौन सोसवत नव्हतं. मंगल म्हणायची, "तुमी काय चोरी केली न्हाय. येत्याल ते." मी मात्र ठरवून टाकलं होतं, की तो आला नाही तरी मी बोललेलं मागं घेणार नाही.

इकडे माझं चालणं, पथ्य, तपासण्या सुरू होत्या. ती गोळी बंदच होती. कुणालाही न विचारता ती पुन्हा सुरू करायची नाही, हे मला सांगावं लागलं नाही. काही महिन्यांनी दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून, जिभेखालच्या गोळीसारखं कुठलंही औषध मला चालू नाही हे बघून, पुन्हा तपासून परवानगी दिली. पुन्हा कमी ताकदीपासून. डबा फ्रिजवरच होता. मंगलनं झाकणावर लाल टिकली लावून ठेवली, कुणी परकं औषध द्यायला आलं तर आधी हे दाखवायचं म्हणून.

मागांच्या आवाजात

आमच्या शेडमध्ये माग चालू असले की शेजारच्या माणसाशीही कानाला तोंड लावून ओरडून बोलावं लागतं. तिसऱ्या माणसाला काही ऐकू जात नाही. एका सकाळी मी मागाखाली शिरून एक बोल्ट आवळत होतो, तर समोर दोन पाय दिसले. पायांत आप्पाच्या जाड वहाणा.

बाहेर आलो. तो उभा होता, पागोटं हातात. मी हातानं खूण केली, बाहेर जाऊ. त्यानं नको म्हणून मान हलवली. त्याला तिथंच बोलायचं होतं. पहिल्यांदा मला कळलं नाही का. मग कळलं. त्या आवाजात काहीही ओरडलं तरी कुणाला कळणार नव्हतं.

तो माझ्या कानाशी आला. "सोपाना, लई दिस झालं. मलाबी तेच हाय."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग रं, बाजारात एक वैदू बसतो, त्याच्याकडनं," त्याचा आवाज आणखी चढला, "पुडी आनली, आनि ती घेतोय मी!"

आणि लाईट गेली.

सगळे माग एकदम थांबले. त्याचं "घेतोय मी" शेडच्या पत्र्यावर आदळून परत आलं. मागांवरची सगळी माणसं आमच्याकडे वळली. आप्पाचा चेहरा राखेसारखा झाला आणि त्यानं दाराकडे पाऊल टाकलं.

मी त्याचा दंड धरला. आवाज खाली आणला नाही, मुद्दाम आणला नाही. "आप्पा, पुडी घेतल्यावर जिभेखालची गोळी कधी घेतलीस?"

तो हातातल्या पागोट्याचं टोक पिळायला लागला.

"घेतलीस का?"

"दोनदा," तो म्हणाला. "डोळ्यापुडं काळं झालं. मेंढरात पडलो. मला वाटलं, ऊन लागलं."

अंगणात माझ्यासाठी धावत आलेला भाऊ रानात एकटा पडला होता, आजूबाजूला फक्त मेंढरं. "आरं, त्या पुड्यांत काय घालत्यात ते विकणाऱ्यालाबी ठाव नसतंय," मी म्हणालो. "माझ्या डॉक्टरनं सांगितलंय, लई वेळा त्यात हेच औषध असतंय, कसंबी मिसळलेलं. तू वाचलास, आप्पा. नशिबानं वाचलास."

शेडमध्ये कुणी हसलं नाही. कोपऱ्यातल्या मागावरचा नरसय्या, आमच्यातला सगळ्यात जुना विणकर, घरी तेलुगू बोलणारा, कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "जॉबर, मुलाच्या सासऱ्यालापण तसलीच पुडी आहे की. कुठं बसतात तुमच्या मॅडम?"

आप्पानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एका खिशातून पुडी काढली, दुसऱ्या खिशातून त्याची गोळी, आणि दोन्ही माझ्या तळहातावर ठेवल्या. मी गोळी त्याला परत दिली. ती त्याच्या जिवाला लागते. पुडी मी ठेवून घेतली, डॉक्टरांना दाखवायला.

त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टर बाईंकडे गेलो. वाटेत तो दोनदा म्हणाला, "तूच सांग. तुला येतंय आता." मी चालत राहिलो.

डॉक्टरांनी पुडी बाजूला ठेवली, त्यानं पिशवीतून आणलेले हृदयाचे जुने कागद वाचले आणि विचारलं, "बोला आप्पा, काय त्रास होतोय?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मंगलसारखं मधेच बोलून मोकळं व्हावं असं मला फार वाटलं. मी दात आवळून गप्प बसलो. आप्पाचा हात गुडघ्यावर होता, अंगठ्यावर माझ्या दातांचा व्रण पांढरा दिसत होता. तो त्या व्रणावरून बोट फिरवत राहिला. मग त्यानं तोंड उघडलं, आणि ते उघडायला कुणाचा अंगठा लागला नाही.

"बाई," तो म्हणाला, "मी मेंढा असतो तर मीच मला बाजारात इकला असता. मानूस हाय, म्हून हितं आलोय. आता इचारा काय इचारायचं ते, समदं सांगतो."